हार्लन टिबेट्सची चार मिनिटं

रीनो शहरातल्या जवळजवळ प्रत्येक लिफ्टमध्ये एकतीस वर्षं हार्लन टिबेट्सची सही टांगलेली होती. तो सरकारी लिफ्ट-तपासनीस होता. काचेच्या चौकटीत पिवळा कागद, त्यावर तारीख आणि खाली सही. लोक रोज त्या कागदाकडे तोंड करून उभे राहत आणि तो कधीच वाचत नसत. पण तो कागद असल्याशिवाय लिफ्ट चालवायला परवानगी नव्हती, आणि हार्लनला तेवढं पुरे होतं. निवृत्त झाल्यावर मात्र त्याच्या सहीवाचून कोणाचं काही अडेना. हे दुःख सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून तो पोकर खेळू लागला.

'सिल्व्हर पाइन' क्लबात सकाळी दहाला एक-तीनचं टेबल लागे. डावाची सुरुवात एक आणि तीन डॉलरने होई. त्याहून स्वस्त खेळ तिथे नव्हता. येणारे बहुतेक सत्तरी ओलांडलेले. कॉफी फुकट मिळते म्हणून आणि घरी टीव्हीखेरीज कोणी बोलत नाही म्हणून येत. हार्लन येई तो तपासणीला यावा तसा. शर्टाच्या खिशात वही, वहीत प्रत्येक अवघड डाव. कोणी किती लावले, कोणाचा हात कापला, कोणी पैसे लावण्याआधी कॉफीचा घोट घेतला आणि कोणी नंतर.

दुपारी समोरच्या उपाहारगृहात तो या डावांचा निवाडा करी. ऐकायला क्लिफ ओडेगार्ड. क्लिफने जन्मभर लोकांचे नळ दुरुस्त केले होते.

"आज हरलास ना?" क्लिफ विचारी.

"हरलो, पण बरोबर हरलो. तू जिंकलास ते चुकून."

"असं चुकून रोज होवो. बटाटे खाणार आहेस, की त्यांचीही नोंद करायची आहे?"

आणि मग मार्चमध्ये तो डाव झाला.

समोर होती बर्नडेट एचेव्हेरी. वय एकोणऐंशी, युरोपातून आलेल्या बास्क मेंढपाळाची मुलगी, विणकामाची पिशवी मांडीवर. दोन वर्षांत तिने कधी थाप मारलेली कोणी पाहिली नव्हती. तिने पैसे वाढवले की बाकीचे निमूटपणे पानं टाकत. टेबलावर राजा, दोन नव्व्या, चौकी आणि दुर्री उघडी पडलेली. हार्लनच्या हातात दोन चौक्या. म्हणजे तीन चौक्या आणि दोन नव्व्या, फुल हाउस. अशी पानं महिन्यातून एकदा येतात. बर्नडेटने सुया खाली ठेवल्या आणि पुढ्यातल्या सगळ्या चिप्स मधे लोटल्या. एकशे ऐंशी डॉलर.

हार्लन चार मिनिटं विचार करत होता. त्याने तिचा श्वास पाहिला, बोटं पाहिली, सुया पाहिल्या. पत्ते वाटणाऱ्याने दोनदा घसा साफ केला. बर्नडेट दाराकडे पाहत होती. 'नजर टाळते आहे,' हार्लनने मनात नोंद केली, 'म्हणजे तिच्याकडे पानं आहेत.' शेवटी त्याने आपलं फुल हाउस टाकून दिलं, उघडं करून, सगळ्यांना दिसेल असं. तिने आपली पानं उपडीच सरकवली, चिप्स पिशवीत लोटल्या आणि शक्य तितक्या घाईने निघून गेली.

तेवढेच पैसे लावल्याशिवाय समोरच्याची पानं बघायची नाहीत, आणि नंतर "काय होतं?" असं विचारायचं नाही, ही टेबलाची रीत. त्यामुळे आपण बरोबर होतो हे हार्लनला सिद्ध करता येईना, आणि चूक होतो हे दुसऱ्या कोणाला. विद्वानाला याहून चांगली जागा मिळत नाही. तीन आठवडे तो त्या एकाच डावावर बोलला.

"तिने थाप मारली, साहेब," क्लिफ म्हणाला.

"बर्नडेट? तिने चर्चमध्येसुद्धा कधी चुकीचं गाणं म्हटलं नसेल."

ज्येष्ठ नागरिक केंद्राच्या डोरीनबाईंच्या कानावर हे गेलं. महिन्यातला एक बुधवार रिकामा होता. "एकदा बोलून बघा, मिस्टर टिबेट्स," त्या म्हणाल्या. "लोक शेवटपर्यंत बसले तर दर महिन्याचा बुधवार तुमचा. उठून गेले, तर युकुलेले वाजवणाऱ्या बायका हॉल मागताहेत."

हार्लनने विषय दिला, 'अवघड निर्णय'. तो दोन रात्री नीट झोपला नाही. पुन्हा एकदा लोक त्याच्याकडे तोंड करून बसणार होते, आणि या वेळी काय लिहिलंय ते तो स्वतःच वाचून दाखवणार होता.

तेवीस जण आले. दुसऱ्या रांगेत बर्नडेट विणत बसली होती. तिला पाहून हार्लनला विषय बदलावासा वाटला, पण त्या डावाचा तक्ता भिंतीला लावून झाला होता. त्याने नाव न घेता सुरुवात केली. "समोरची व्यक्ती, तिला आपण अमुक बाई म्हणू—"

"मीच ती," बर्नडेट विणता विणता म्हणाली. "चालू दे तुझं."

त्याने चालू ठेवलं. बाईंचा श्वास, बाईंची बोटं, बाईंनी सुया कशा समांतर ठेवल्या. त्या वेळी बाईंच्या मनात तीन गोष्टी होत्या, असं म्हणून त्याने तक्त्यावर काठी ठेवली.

"एकच होती," बर्नडेट म्हणाली. "गाडी."

"कोणती गाडी?"

"केंद्राची. पावणेबाराला क्लबच्या दाराशी येते. अकरा चाळीस झाले होते. चिप्स खिडकीवर वटवायला रांगेत उभं राहायला वेळ नव्हता. म्हटलं, सगळ्या लावाव्यात. गेल्या तर हात मोकळे. तू मला हरवून रिकामी करशील म्हणून लावल्या मी त्या, हार्लन. आणि तू बसलास माझ्या सुया बघत."

मागून कोणीतरी हसलं.

"चार मिनिटं," ती पुढे म्हणाली, "आणि मग ते लोढणं पिशवीत भरायला आणखी दोन. गाडी गेली. दीड तास त्या वाऱ्यात उभी होते. माझी टोपी रस्त्यापलीकडे गेली."

हार्लनला एकच प्रश्न उरला होता. रीत मोडून त्याने तो विचारला. "तुमच्याकडे पानं काय होती?"

"एक राजा होता. दुसरं पाहिलं होतं की नाही, आता आठवत नाही."

तक्त्यावर बत्तीस बाण होते. हार्लनने काठी खाली ठेवली. एकतीस वर्षांत त्याने कोणत्याही लिफ्टवरचा शेरा मागे घेतला नव्हता. "मग मी चुकलो," तो म्हणाला. "मी घड्याळाकडे पाहिलंच नाही."

लोक खुर्च्या वाजवत हसले, पण उठलं कोणी नाही. उलट जो तो आपापला मूर्खपणा सांगू लागला. एकाने बायको जेवायला थांबली होती म्हणून दोन एक्के टाकून दिले होते. डोरीनबाई दारातून बोटाने 'पुढच्या महिन्यात' अशी खूण करून गेल्या.

झालं. हार्लनला नवा सिद्धांत मिळाला. वहीत कोण कोणत्या गाडीने जातं, कोणाची औषधाची वेळ कोणती, याचे रकाने पडले. पुढच्या मंगळवारी, बरोबर अकरा अडतीसला, बर्नडेटने सुया खाली ठेवल्या आणि सगळ्या चिप्स मधे लोटल्या.

हार्लनने तिच्याकडे पाहिलंही नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि श्वास घ्यायच्या आत म्हणाला, "आलो." चिप्स पुढे करताना त्याने क्लिफला डोळा मारला. "गाडी," तो हळूच म्हणाला.

बर्नडेटने चार सत्त्या उघड्या केल्या.

"पण बर्नडेट, पावणेबारा होत आले."

"गाडी आता साडेबाराला येते. पहिल्या तारखेपासून." तिने चिप्स ओढून घेतल्या आणि सावकाश एकावर एक रचू लागली. "केंद्रात फलक लावलाय. दारातच आहे, तुझ्या नाकासमोर. तू वाचत नाहीस का?"

उपाहारगृहात क्लिफने अंडी संपेपर्यंत वाट पाहिली. "मग, साहेब? निवाडा?"

"काही नाही," हार्लन म्हणाला. "कागद टांगलेला होता. मी वाचला नाही."

क्लिफने आपले उरलेले बटाटे त्याच्या ताटात सरकवले.

संध्याकाळी तो मुद्दाम केंद्रात गेला आणि फलकासमोर उभा राहून त्याने वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं. गाडीची वेळ, पायांची तपासणी, हरवलेली कवळी. शेवटी पुढच्या महिन्याचा बुधवार: 'अवघड निर्णय. वक्ते: बर्नडेट एचेव्हेरी आणि हार्लन टिबेट्स.'

याची त्याला कोणी कल्पना दिली नव्हती. तिचं नाव आधी का, यावर तो बराच वेळ विचार करत राहिला, चार मिनिटं तरी. मग आडनावांच्या क्रमाने लावलं असणार, असा निष्कर्ष काढून त्याने तो वहीत लिहिला, खाली तारीख घातली आणि सही केली.