एकाच नावाचे दोघे

आमच्या चर्चच्या मंडळीनं जिल्ह्यातल्या चर्चांच्या वार्षिक सभेसाठी मला प्रतिनिधी निवडलं, कारण त्या शनिवारी मला कारखान्यात सुट्टी होती. नागापूरहून नगरला जाताना पाळकसाहेबांनी गाडीवर एवढंच सांगितलं, की प्रत्येक मंडळीतून पाळक आणि एक साधा सभासद असे दोघं येतात, आणि दोघांच्या मताला सारखंच वजन. बाकीचं तिथं कळेल.

तिथं काही कळलं नाही. ठराव मांडायचे, मग त्यावर दुरुस्ती, मग दुरुस्तीवर मत, मग पुन्हा ठरावावर. एकदा मी बाजूनं आणि विरुद्ध दोन्हीकडं हात वर केला. शेजारच्यानं तो हळूच खाली ओढला.

जेवणानंतर पाळकांच्या बदल्या ठरवणाऱ्या समितीची निवडणूक होती. मागून कुणीतरी माझं नाव सुचवलं. मी दचकलो. पण नेवाशाकडचे एक निवृत्त गुरुजी नेमके माझ्याच नावा-आडनावाचे, कित्येक वर्षं सभेला येणारे. नाव त्यांचंच असणार, म्हणून मीही चिठ्ठीवर तेच लिहिलं.

ते निवडून आलं. सचिवांनी विचारलं, "दोघांतले कोणते?"

सूचक अकोले तालुक्याकडची जीप गाठायला निघून गेले होते. अनुमोदक उठले. "मी नाव ऐकलं आन् हात वर केला. कोन ते मला काय ठावं?"

कुणी म्हणे पुन्हा मतदान घ्या, कुणी म्हणे निकाल लागलाय. तेवढ्यात गुरुजी बाकाला धरून उभे राहिले. माझ्याकडं बोट करून म्हणाले, "मतं त्यांची." टाळ्या वाजल्या. मी तोंड उघडेपर्यंत ते लिहूनही झालं.

चहाला मी त्यांना गाठलं. "गुरुजी, मतं तुमची होती."

"असतील. माझा जावई पाळक आहे. यंदा त्याची बदली. तिथं मी कसा बसू?"

"पण मला यातलं काही येत नाही."

"आम्हाला तरी कुठं येत होतं?"

परतताना पाळकसाहेबांनी हेल्मेट चढवून गाडी सुरू केली. मग म्हणाले, "आता माझीही बदली तुमच्या हातात." ते हसले की नाही, हेल्मेटमुळं दिसलं नाही.

पुढच्याच महिन्यात समितीपुढं बदलीसाठी गुरुजींचे जावई आणि आमचे पाळकसाहेब अशी दोन्ही नावं आली. दोन्ही वेळा मी हात खालीच ठेवला. जावयांना दूर पाठवलं, आमचे पाळकसाहेब राहिले. मी बरोबर केलं का, हे विचारावं तर कुणाला? विचारण्यासारखी माणसं गुरुजी आणि पाळकसाहेब, हीच दोन होती.