ओलं हाड

दाजीबा वस्ताद नव्या पोराच्या तोंडाकडे बघतच नसत. आधी त्याचं मनगट धरायचे, अंगठ्यानं दाबून डोळे मिटायचे आणि निकाल सांगायचे, "हाड अजून ओलं है, भैया." मग त्या पोरानं मुद्गलाला किंवा नालाला हातसुद्धा लावायचा नाही. हौद्यातली माती उकरायची, पळायचं, लिंबाच्या फांदीला लोंबकळायचं. "पहले आपलं ओझं उचल, मग दगडाचं," हे त्यांचं दिवसातून दहा वेळा चाले.

मी सात वर्षांचा, काडीपैलवान. वस्तादांचा तो धिप्पाड देह, चुरगळलेले कान आणि खर्जातला आवाज यांनी माझी गाळण उडे. तरी रोज सकाळी मनगट पुढे करताना मी मनात म्हणे, मारुतीराया, ओलंच असू दे. कारण वस्तादांहूनही मला नालाची भीती होती. मधोमध मूठ कोरलेला, शेंदूर फासलेला तो काळा दगड मारुतीच्या पायाशी असे. मोठ्या पैलवानांनी तो उचलून टाकला की पायाखालची जमीन हादरे.

आमचं देवास तेव्हा एक गाव आणि दोन राज्यं. रस्त्याच्या या बाजूला थोरली पाती, त्या बाजूला धाकटी. दिवाबत्तीपासून तालमीपर्यंत सगळ्यात चढाओढ. एका नागपंचमीला धाकट्या पातीतल्या नऊ वर्षांच्या पोरानं भर चौकात नाल उचलला आणि आमच्याकडच्या मोठ्या माणसांची झोप उडाली. माझे वडील, नाना, थोरल्या पातीच्या कचेरीत कारकून आणि तालमीच्या पंचांपैकी एक. त्यांनी बैठकीत सांगून टाकलं, "पुढच्या साली आमचा चिरंजीव उचलेल. आठव्या वर्षी!"

वस्ताद घरी आले ते ओसरीवर बसलेसुद्धा नाहीत. "नानासाहेब, पोराला दौडवा, झाडावर चढवा, मना कोण करतो? पण नाल नको."

"वस्ताद, पातीच्या अब्रूचा प्रश्न आहे."

"माझा धाकला भाऊ धारला असाच नाल उचलून बसला. नऊ साल का था. लोकांनी खांद्यावर घेऊन नाचवला. कमरेत काय मोडलं कोणास ठाऊक, पुन्हा उभा राहिला नाही. बारा बरस मी त्याला खाटेवरून उचलत होतो, नानासाहेब."

नाना म्हणाले, "शुभ कामात अशुभ बोलू नये."

मी दाराआड होतो. त्या दिवसापासून मी ताटावरून उठताना आधी कमरेला हात लावून बघायचो. आईला सांगायची सोय नव्हती. ती माझ्यासाठी नवा लाल लंगोट शिवत होती.

नागपंचमी उजाडली. दोन्ही पातींची माणसं चौकात दाटली, हलगी कडाडू लागली. पंचांनी नाल आणून ठेवला, त्याला हार घातला.  नानांनी माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढे ढकललं. मी वाकलो. मुठीत बोटं घातली. दगड गार होता.

तेवढ्यात वस्ताद गर्दीतून आले, मला दंडाला धरून बाजूला केलं आणि त्या हार घातलेल्या, शेंदूर लावलेल्या दगडावर चक्क बसले. मारुतीच्या नालावर! हलगी थांबली. बायकांनी तोंडाला पदर लावले. मला वाटलं, आता वीज पडणार.

"पोरगा उचलेल," ते म्हणाले, "पण माझ्यासकट. है मंजूर?"

बाटवलेल्या दगडाला मग कोण हात लावणार? पंचांनी तिथल्या तिथे त्यांना तालमीतून काढलं. शेवटचा होकार नानांचा होता. धारला जाणाऱ्या बैलगाडीत बसण्याआधी वस्तादांनी माझं मनगट दाबलं. नेहमीची जागा त्यांना दोनदा शोधावी लागली. तेही भ्याले होते, हे मला तेव्हा कळलं. "ओलंच है," ते म्हणाले. "वाळेल रे. घाई नाही."

अठराव्या वर्षी मी धारला गेलो. मनगट दाखवायला, दुसरं काय. वस्ताद अंधाऱ्या खोलीत खाटेवर होते. अर्धं अंग गेलेलं. मला ओळखलं नाही. मी हात पुढे केला तेव्हा अंगठ्यानं दाबत बराच वेळ डोळे मिटून राहिले.

"वाळलं," ते म्हणाले. "चल, उचल आता."

"काय उचलू, वस्ताद?"

"मला. बाहेर उन्हात ने."

मी कंबर कसून वाकलो, सगळी ताकद एकवटली आणि त्यांना उचललं. ते इतके हलके झाले होते की मी घाबरलो. तेवढी भीती मला त्या नालाचीही वाटली नव्हती.