सूर्यफुलाचे लाडू आणि माझी जीभ

सूर्यफुलाची एक बी सकाळपासून माझ्या दाढेत अडकून बसली आहे, आणि सरकारला त्याचं काहीही पडलेलं नाही.

डॉक्टरांनी रोज एक चमचा खायला सांगितलंय. पाकिटावर लिहिलंय: व्हिटॅमिन ई, मॅग्नेशियम, प्रोटीन. सुपरफूड! किंमत अशी, की दाढेतलीसुद्धा वाया घालवू नये.

टूथपिक घेऊन लढत होते, तेवढ्यात पुलगावहून सुधाकरचा फोन.

"ताई, आई गेली."

सुधाकरची आई म्हणजे नाचणगावच्या आमच्या शेजारच्या शकुंतलाकाकू.

या बियांशी माझी ओळख त्यांनीच करून दिली. साल पंच्याऐंशी असेल. काकांनी हौसेनं अर्धा एकर सूर्यफूल पेरलं. काकू दिवसभर शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभ्या राहून पत्र्याचा डबा बडवायच्या, तरी निम्मं पोपटांनी खाल्लं.

उरलेल्यातला दाणा वाया गेला नाही. बिया भाजून लसूण-तिखटाची चटणी. शेंगदाण्याऐवजी रस्स्यात कूट. फोलपटं चुलीत, रिकामी फुलं म्हशीपुढे.

"तेल हाय याच्यात पोरी, अंगी लागते," म्हणायच्या.
व्हिटॅमिन ई तेव्हा नाचणगावला पोचलं नव्हतं.

संक्रांतीला तर कमाल केली. हळदीकुंकवाला तिळाऐवजी सूर्यफुलाचे लाडू!

ताट घेऊन एकेकीपुढे जायच्या आणि तिच्या तोंडाकडे बघत थांबायच्या. आवडला म्हणते का?

बायका लाडू हातात धरून एकमेकींकडे बघत होत्या.

मी पंधरा वर्षांची. तोंडात लाडू.

"काकू, हे खाऊन गोड बोलाचं, का मिठू मिठू बोलाचं?"

सगळी खोली हसली.
लाडू ताटात परत गेले.
आणि शकुंतलाकाकू पोपटकाकू झाल्या. गावभर. कायमच्या.

त्यांनी पुन्हा कधी ताट फिरवलं नाही. फक्त दर संक्रांतीला दोन लाडू कागदात बांधून माझ्यासाठी.

एकदा विचारलंच, "मलेच काऊन देता?"

"त्या दिवशी साऱ्यायनं ठेवून देल्ले. तू बोलली, पण दोन खाल्ले. पाह्यलं ना मी."

लाडू मी दर वर्षी घेतले. 'छान झालेत' एवढं म्हणायचं मात्र राहून गेलं. टोमणे मारण्यात दिवस जातो, बाकीच्याला वेळ कुठे उरतो?

फोनवर सुधाकर म्हणाला, "ताई, गावच्या ग्रुपवर टाकाले दोन ओळी लिहून दे. कंसात पोपटकाकू टाकजो, नाईतर कोणी ओळखणार नाई."

मी लिहून पाठवलं:

"शकुंतलाबाई गेल्या. (सूर्यफुलाचे लाडू करायच्या, त्या.)
पोपट हे नाव मी ठेवलं होतं. आज परत घेते."

बी अजून दाढेतच आहे. राहू दे.

काकू, लाडू गोड होते. दोन्ही.
नमस्कार करते.