पाठकोरा फोटो

मास्तरांचं पोट चाललं ते पासपोर्ट फोटोंवर. मागे निळा पडदा, पुढे फिरतं स्टूल, आणि चाळीस वर्षं येईल त्याला एकच मंत्र : ताठ बसा, हनुवटी जरा खाली, हसू नका. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं, पण स्टुलावरच्या माणसाची मान दोन बोटांनी धरून सरळ करायची खोड होती, म्हणून नाव पडलं ते पडलंच. पुढे हौशी फोटोवाल्यांच्या मंडळानं त्यात भर घालून त्यांना ‘बिनओळी मास्तर’ केलं.

त्याचं कारण असं, की रविवारी स्टुडिओ बंद ठेवून मास्तर गळ्यात कॅमेरा अडकवून रस्त्यानं हिंडायचे. दिसेल तो माणूस टिपायचा आणि त्या फोटोखाली एक अक्षर लिहायचं नाही, हा त्यांचा नेम. कोण, कुठं, कधी, काही नाही. “फोटोला ओळीचा टेकू लागला, की समजा फोटो लंगडा,” असं ते म्हणत, आणि समोरचा कंटाळून हो म्हणेपर्यंत म्हणत. दुकानाची पाटी चौकटीत येतेय असं दिसलं की दोन पावलं बाजूला सरकत. ज्याचा फोटो काढला त्याच्याशी बोलणं तर वर्ज्यच. बरं, एवढ्यावर थांबले असते तरी एकवेळ चाललं असतं. पण रीळ धुऊन झालं, की मनासारखी एक चौकट कात्रीनं कापून घ्यायची आणि उरलेली पट्टी कचऱ्याच्या डब्यात टाकायची, हीही त्यांचीच रीत. मागचापुढचा फोटो हाताशी असला की माणूस गोष्ट तिथं शोधत बसतो, याच्यात शोधत नाही, असं त्यांचं म्हणणं. कात्री चालवताना चेहरा असा, की जगावर मोठे उपकारच चाललेत.

मास्तरीणबाई, म्हणजे त्यांची बायको, हे सगळं बघून सुरुवातीला हसल्या, मग चिडल्या, मग त्यांनी नाद सोडला. “अहो, मागच्या बाजूला पेन्सिलीनं तारीख तरी घाला,” त्या सांगायच्या. “पुढून कुणाला दिसणारेय? पाठकोरे फोटो ठेवून काय मिळतं तुम्हाला? बोलणाऱ्याचे कुळीथ खपतात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात.”

“पडू देत माझे गहू,” मास्तर म्हणायचे.

आणि गंमत म्हणजे गहू पडून राहिले नाहीत. एक फोटो तर मंडळातल्या सगळ्यांना तोंडपाठ होता. फुटपाथच्या कडेला एक माणूस बसलाय, पाय रस्त्यावर सोडून. शेजारी खाकी कागदात गुंडाळून सुतळीनं बांधलेली लहान मुलाची तीनचाकी सायकल. कागदातून एक चाक बाहेर आलंय, आणि माणूस डोळे बारीक करून मनापासून हसतोय. बस, एवढंच. पण बघणारे त्याच्यापुढे ठिय्या देऊन बसत. कुणी म्हणे नुकताच बाप झालाय. कुणी म्हणे सायकल चोरीची आहे, हसण्यावरून कळतं. एका बाईंना तर तो हसताना रडतोय असं दिसलं. मास्तर मागे हात बांधून सगळं ऐकत आणि गालातल्या गालात हसत. आपण जिंकलो असं त्यांना वाटे.

बहात्तराव्या वर्षी वाचनालयाच्या जिन्यात त्यांचे बारा फोटो कायमचे लावले गेले, त्यात हाही होता. त्यानंतर तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, चाळिशीतली एक बाई पत्ता विचारत घरी आली. हातातली पिशवी तिनं मांडीवर घट्ट धरून ठेवली. एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायचं काम करते, असं तिनं सांगितलं. मग पिशवीतून चौकोनी, कडा झिजलेला एक जुना फोटो काढून टेबलावर ठेवला.

मास्तरांनी भिंग घेऊन पाहिलं. गरज नव्हती. तेच कपाळ, तेच बारीक डोळे.

“माझे वडील,” ती म्हणाली. “शिलाई मशीन दुरुस्त करायचे, त्यासाठी गावोगाव फिरावं लागायचं. मी चार वर्षांची होते. एका सकाळी कामाला गेले ते परत आलेच नाहीत. आई म्हणते, वाटेत काहीतरी बरंवाईट झालं असणार, नाहीतर ते आले असते. आत्या म्हणते, कसलं बरंवाईट, त्यांनी दुसरीकडे घर केलं. त्यावरून दोघी आयुष्यभर एकमेकींशी बोलल्या नाहीत.”

मास्तरीणबाई पाण्याचा पेला घेऊन आल्या होत्या, त्या तिथंच उभ्या राहिल्या.

“मला तीनचाकी सायकल कधी मिळाली नाही, काका,” बाई म्हणाली. “फोटो त्याच वर्षीचा असेल तर ती माझ्यासाठी घेतलेली होती. पुढच्या कुठल्या वर्षाचा असेल तर दुसऱ्या कुणासाठी तरी. मला फक्त तारीख हवीय. आईचं आता काही खरं नाही. तिला सांगायचंय.”

मास्तर उठले. त्यांनी कपाटातली पत्र्याची पेटी काढली. आत छोट्या छोट्या कागदी पाकिटांत एकेक चौकट, एकटी, चारी बाजूंनी कापलेली. त्यांनी ती चौकट उजेडापुढे धरली. शेजारी दुसरं काही असतं, एखादी जत्रा नाहीतर नवा पूल, नाहीतर नुसता ओळखीचा माणूस, तर वर्ष सांगता आलं असतं. शेजारी त्यांचा स्वतःचा अंगठा होता. पेटीतला छापलेला फोटो उलटून पाहिला, तर पाठ कोरी. मास्तरीणबाई ‘मी सांगत होते’ म्हणाल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

“हा जुन्या कॅमेऱ्याचा आहे,” मास्तर म्हणाले. “तो कॅमेरा माझ्याकडे सहा वर्षं होता.” कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत ते त्यांनी सांगितलं. वडील गेले ते वर्ष त्यात दुसरं होतं.

“म्हणजे काहीही असू शकतं.”

“हो.”

“आमच्याकडे नाव-तारीख नसलेली बाटली आली तर आम्ही ओतून टाकतो,” ती म्हणाली. टोमणा मारायचा म्हणून म्हणाली नाही, तिला सवयीनं सुचलं. पण मास्तरांना ते जिव्हारी लागलं. स्टुडिओत आलेल्या कुठल्याही सोम्यागोम्याचं नाव आणि तारीख त्यांनी चाळीस वर्षं वहीत न चुकता लिहिली होती. फक्त जी माणसं त्यांना मनापासून आवडली, त्यांचंच काही लिहिलं नव्हतं. या शहाणपणाची त्यांना त्या क्षणी अगदी मनापासून शरम वाटली.

तिला कुठलं वर्ष हवंय हे त्यांना ठाऊक होतं. आता आठवलं, असं म्हणून ते सांगून टाकणं काही कठीण नव्हतं. एक म्हातारी शांतपणे गेली असती. ते वर्ष त्यांच्या जिभेच्या टोकावर आलंही. त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिनं पेला टेबलावर ठेवला आणि ती त्यांच्याकडे बघत राहिली.

“काही बोलले का हो ते तुमच्याशी?” बाईनं विचारलं. “एखादा शब्द?”

मी लोकांशी बोलत नाही, हे वाक्य मास्तरांच्या तोंडात तयार होतं. कितीतरी जणांना ते त्यांनी ऐकवलं होतं. आज ते निघेना.

“ते मला हसत होते,” मास्तर म्हणाले. “फोटो नीट यावा म्हणून मी मागे मागे सरकत होतो, आणि मागे डबकं होतं. घोट्यापर्यंत पाय बुडाला. ते हसले आणि मी बटण दाबलं. यात दुसरं काही नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. हिलासुद्धा नाही.”

“नाहीच सांगितलं,” मास्तरीणबाई हळूच म्हणाल्या.

बाईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडं हसू आलं. “हसरे होतेच ते. आई सांगते. मग?”

मास्तरांनी चष्मा काढला. इतकी वर्षं हा भाग त्यांनी स्वतःलाही सांगितला नव्हता. फोटोला तो नको होता.

“मग म्हणाले, ‘अहो, लागलं नाही ना?’ मी मान हलवली. मग म्हणाले, ‘एक फोटो आमच्या घरी पाठवाल का? मुलीला गंमत वाटेल. पत्ता सांगतो.’”

बाईनं दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली होती.

“मुलीला म्हणाले?”

“मुलीलाच म्हणाले.”

“पण कुठल्या?” ती म्हणाली. “आत्या म्हणते, तिकडेही मुलगीच झाली.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “पत्ता काय सांगितला, काका? गल्ली, गाव, काहीही. मी पुढचं बघेन.”

“मी हात वर केला आणि निघालो,” मास्तर म्हणाले. “बोलायचं नाही, असा माझा नेम होता.”

“किती लांब गेला होतात?”

“सात-आठ पावलं.”

ती थोडा वेळ त्या सात-आठ पावलांचाच हिशेब करत असावी. “मग त्यांनी सांगायला सुरुवात केली असेल,” ती म्हणाली.

“केली होती,” मास्तर म्हणाले. “पूर्ण सांगितला. दोनदा सांगितला. मी रीळ पुढे ओढत होतो, मी ऐकलं नाही.”