आप्पांच्या पायावरची हिरवी रेघ

भुताखेतांच्या गोष्टी मी आजवर हसण्यावारी नेल्या. पलूसला शाळेत गणित शिकवते, असल्या गोष्टींना डोक्यात जागाच नव्हती. तरी हे लिहितेय...

गेल्या हिवाळ्यात माझे सासरे, आप्पा — मिलिटरीतून रिटायर — उसाच्या रानात पडले आणि तोडलेल्या उसाचा बुडखा नडगीत घुसला. हळद दाबून फडकं बांधलं. "एवढ्याला कुठं दवाखाना गं!" म्हणाले.

तिसऱ्या दिवशी नवरा कोरेगावला गेलेला, मी शाळेत. आप्पा घरात एकटे, दाराला आतून कडी. तीन वाजता मी आले, तर बराच वेळ दार वाजवल्यावर त्यांनी उघडलं. अंगात हुडहुडी, धाप लागलेली, आणि मला बहीण समजून म्हणाले, "शांते, कवा आलीस?"

मी लेंगा वर केला. पाय लालभडक, तापलेला... आणि लालीच्या कडेनं पेनानं ओढलेली हिरवी रेघ! पुढून, मागून, सलग. शेजारी आकडे — १.४०.

लाली आता रेघेच्या चार बोटं वर होती. दीड तासही झाला नव्हता! 

शेजाऱ्यांच्या गाडीतून थेट सांगली. डॉक्टरांनी बीपी बघितलं आणि लगेच शिरेतून अँटिबायोटिक सुरू केलं. "सेप्सिस आहे, जंतुसंसर्ग रक्तात पसरलाय. हुडहुडी, धाप, असंबद्ध बोलणं — ही त्याचीच लक्षणं. उद्यावर ढकललं असतं तर अवघड होतं." मग पायाकडे बघत म्हणाले, "घरात कुणी नर्स आहे का? लाली किती पसरतेय ते कळायला आम्हीही अशीच खूण करतो."

"नाही हो, कुणीच नाही."

दहा दिवसांनी आप्पा स्वतःच्या पायांनी घरी आले. रेघेचं विचारलं, तर म्हणाले, "म्या न्हाई गं. मी तर जेवून आडवा झालो हुतो. पर ज्यानं केलं त्यो लय जाणता हुता."

शेजारीपाजारी, आरोग्य केंद्राच्या आशाताई, सगळ्यांना विचारलं. कुणीच आलं नव्हतं. घरात हिरवं पेन सापडलं नाही. नवरा म्हणतो, तापाच्या भरात आप्पांनीच ओढली असेल. असेलही...

फक्त एक गोष्ट. मी स्वतःच्या पोटरीवर तशी रेघ ओढून पाहिली — तीनदा. तिन्ही वेळा मागच्या बाजूला ती तुटली.