कापशी किड्याच्या मागावर

शेतकी खात्यातल्या वेणीमाधवपंतांचं नाव काढलं की बागाईतदार थुंकायचे. उगाच नाही थुंकायचे! हा माणूस सायकलवरून उतरायचा, मोसंबीची पानं उलटीपालटी करायचा आणि कापसासारखा पांढरा पुंजका दिसला की म्हणायचा, "तोडा. जाळा." समोरचा रडो, पाया पडो, ह्याच्या कपाळावरची आठी हलायची नाही. सोलापूर जिल्ह्यात त्यांना चहा विचारणारं एक घर उरलं नव्हतं.

किडा परदेशी होता. ऑस्ट्रेलियातून रोपांबरोबर बोटीनं निघाला, निलगिरीत उतरला आणि तिथून कुणाच्या तरी रोपांवर बसून बार्शीच्या एका बागेत आला. पुढं तो कुठून कुठं सरकतो ते हुडकायचं काम १९३२ साली पंतांकडं आलं. काम त्यांनी जीव ओतून केलं, तेवढं कबूल करायला हवं. घरात भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा, किडा सापडला त्या प्रत्येक बागेवर तांबड्या शाईचा ठिपका आणि शेजारी तारीख. बायको जेवायला हाका मारून दमायची.

एकच हुकूम त्यांनी पाळला नाही. किडलेली डहाळी जागच्या जागी स्पिरिटच्या बाटलीत बुडवायची आणि मग पुण्याला धाडायची, असं खात्यानं बजावलं होतं. पंतांनी बाटलीचं बूच काढलं, हुंगलं आणि नाक दाबलं. "शिव शिव! ही तर दारू! मी संध्या करणारा माणूस, ही पिशवीत घालून हिंडू?" बाटली कोनाड्यात गेली ती गेलीच. पुण्याला धाडेपर्यंत डहाळ्या ते ओल्या पंच्यात बांधून गावोगाव न्यायचे. अशा त्या ताज्या राहतात, असं वर लोकांना ऐकवायचे.

अक्कलकोटजवळ गिरिजाबाईंची साठ झाडांची बाग होती. नवरा गेल्यावर बाईनं स्वतः मोट हाकून ती जगवली होती. मार्चमध्ये पंतांनीच ती तपासून स्वच्छ ठरवली. मे महिन्यात परत येऊन बघतात तर फांद्या पांढऱ्याफटक.

"परदेशी रोपं कुठून आणलीत?" पंत कडाडले.

"एक बी आणलं न्हाय."

"खोटं! चोरून आणल्याशिवाय हा किडा येत नाही. मी तसंच लिहिणार. खटला होईल तुमच्यावर."

बाईचा पारा चढला. "बाग जाळा. तुमचा कायदा हाय, जाळा! पर मला चोर लिवलं तर हितनं हलू देणार न्हाय."

राखणदार तिप्पण्णा एका झाडाखाली उभा होता. तो म्हणाला, "अक्का, मागल्या खेपेला सायबांनी जेवताना ओली पुरचुंडी ह्याच फांदीला अडकवलीवती. सगळ्यात जास्त पांढरं बी हितंच हाय की."

"काय होतं वो त्यात?" बाईनं विचारलं.

"मंगळवेढ्याच्या डहाळ्या," पंत बोलून गेले.

"आन् मंगळवेढ्याला जाताना?"

"बार्शीच्या."

भिंतीवरचा नकाशा त्यांच्या डोळ्यांपुढं उभा राहिला. बार्शीचा पहिला ठिपका सोडला, तर प्रत्येक ठिपक्याच्या महिना-दोन महिने आधी ते स्वतः तिथं जाऊन आले होते. वाऱ्यावर, पाखरांवर, बैलगाड्यांवर, सगळ्यांवर त्यांनी संशय घेतला होता. मंगळवेढ्याच्या बागा त्यांनीच उभं राहून जाळल्या होत्या.

"मी... कारण अज्ञात, असं लिहितो," ते पुटपुटले. "माझी नोकरी जाईल हो, बाई."

"अज्ञात?" गिरिजाबाई ओरडल्या. "नाव हाय की त्याला! वेणीमाधव! लिवा!"

मोटेचं पाणी पडतं त्या दगडी थारोळ्याच्या काठावर पंत बसले. दोनदा टाक खाली ठेवला, दोनदा उचलला. शेवटी लिहिलं की कीड माझ्या पुरचुंडीतून आली, बागमालकीण निर्दोष आहे. बाईनं ते त्यांच्याकडून दोन वेळा मोठ्यानं वाचून घेतलं, एक नक्कल सहीनिशी करून घेतली आणि कनवटीला लावली.

मग कुऱ्हाडी लागल्या. साठच्या साठ झाडं आडवी झाली, वर रॉकेल पडलं. गिरिजाबाई एका जागी उभ्या होत्या. डोळ्यांत टिपूस नव्हतं, नुसता राग होता.

पंतांची सवय काही जाईना. "तिप्पण्णा, तुझं घोंगडंही टाक. बागेत वापरलेलं काही बाहेर जाता कामा नये."

तिप्पण्णानं घोंगडं आगीत टाकलं.

"आन् तुमचं?" गिरिजाबाई म्हणाल्या. "सकाळधरनं त्याच झाडांत फिरताय न्हवं?"

पंतांनी इकडंतिकडं पाहिलं. कोणी हसत नव्हतं. त्यांनी टोपी टाकली, कोट टाकला, पंचा टाकला आणि शेवटी धोतरही टाकलं. लंगोटी आणि जानवं एवढ्यावर तो म्हातारा होत आलेला माणूस मोटेच्या खांबाआड अंग चोरून उभा राहिला.

गिरिजाबाई खोपटात गेल्या. नवऱ्याचं जुनं धोतर आणून त्यांनी लांबूनच फेकलं.

पंत ते नेसले. मान खाली घालून म्हणाले, "धुऊन परत पाठवतो."

"नगं," गिरिजाबाई म्हणाल्या. "तुमच्या हातनं आलेलं काय बी मला नगं."