एका हॉटेलात दोन देवास

रस्त्यापलीकडच्या माणसाला आपण आधी नमस्कार करायचा नाही. त्याने केला, तर मग आपण करायचा. का, ते विचारायचं नाही.

हा आमच्या घरचा नियम. बाराखडीच्या आधी शिकवला जाई. मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा पाच वर्षांची होते आणि मी 'का?' विचारलं. त्याबद्दल त्या दिवशी मला गुळाची पोळी मिळाली नाही. तेव्हापासून विचारतेच आहे. 'का' विचारत विचारत बी. ए. झाले. आणि एवढं करून भर मुंबईत, भरल्या सभेत, मी माझी स्वतःची अशी काही शोभा करून घेतली म्हणता! इतरांच्या फजित्या तुम्ही रोज ऐकता. आज माझी ऐका. चहा घ्या, गार होतोय.

तुमच्यापैकी जे देवासचे नाहीत त्यांना आधी हे सांगायला हवं. आमचं गाव एक, पण राज्यं दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन भावांपासून निघालेली दोन घराणी, दोन दरबार, दोन कचेऱ्या. बाजारातला रस्ता ही सरहद्द. अलीकडे वांगी घेतली तर थोरल्या पातीची, पलीकडे घेतली तर धाकट्या पातीची. भाव एकच, कीडही एकच!

आमचे आबा थोरल्या पातीच्या कचेरीत दप्तरदार. आमच्या अगदी दारासमोर, रस्त्यापलीकडे, भाऊसाहेब राहतात. ते धाकट्या पातीच्या कचेरीत त्याच हुद्द्यावर. आमचा नियम मघाशी सांगितलाच. त्यांचा नियम असा की आपण बरोबरीचे, तेव्हा आधी वाकायचं नाही. परिणाम काय? तीन पिढ्या समोरासमोर राहून दोन्ही घरांनी एकमेकांना नमस्कारच केलेला नाही. सकाळी दोन्हीकडचे पुरुष ओट्यावर दात घासायला येतात आणि आभाळाकडे बघत घासतात. नवख्या माणसाला वाटावं, देवासात पाऊसपाण्याची फार काळजी करतात!

आता मुंबईला कशाला गेलो ते. माझी धाकटी बहीण यमू. बारा वर्षांची, हुशार, माझ्यापेक्षा शांत. (आई म्हणते, तुझ्यापेक्षा शांत असायला फार काही लागत नाही.) गावात मुलींना चौथीपुढे वर्ग नाही. यमूची चौथी झाली आणि आबांनी पत्रिका बाहेर काढली. मी भांडले. शेवटी आबा म्हणाले, "वर्ग निघाला तर दोन वर्षं शाळा. नाही निघाला तर मार्गशीर्षात लग्न. झालं?"

त्याच सुमारास मुंबईला स्त्रीशिक्षणाची एक परिषद भरायची होती. ज्या गावची निकड त्या गावच्या बाईने व्यासपीठावरून मांडावी, पाच मिनिटांत. पटली तर परिषद त्या गावाला दोन वर्षांसाठी शिक्षिका पाठवील. अट एकच, मुली किमान आठ हव्यात. मी दारोदार हिंडून पाच जमवल्या होत्या. उरलेल्या तिघींचं काय सांगायचं ते ठरलं नव्हतं. व्यासपीठावर सुचेल, असा माझा स्वतःवर गाढ विश्वास.

परिषद मुंबईच्या कोट भागातल्या एका भल्यामोठ्या हॉटेलात. खाली सभागृह, वर चार मजले खोल्या, प्रतिनिधींनी कुटुंबासह तिथेच उतरायचं. इंग्रजी पत्र लिहायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. आबांनी बजावलं, "देवास, थोरली पाती, असं स्पष्ट लिही."

आता सांगा, मुंबईच्या हॉटेलवाल्याला काय करायचीय थोरली नि धाकटी? मी नुसतं 'देवास' लिहिलं. तत्त्व म्हणून!

"लिहिलंस ना?" आबांनी विचारलं.

मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं तेव्हा माझं मत होतं.

आबा, आई आणि मी निघालो. रतलामला गाडी बदलताना धारचे मामा येऊन मिळाले. मामांना मुंबई बघायची हौस आणि आमच्या घरातली भांडणं बघायची त्याहून जास्त.

हॉटेलात शिरलो तर दारात मॅनेजर हसतमुखाने उभे. पारशी गृहस्थ, सोन्याच्या काड्यांचा चष्मा. "देवास? आवो, आवो! तुमारे लोग तो सुबेसेच आयेले हैं!"

"आमचे लोक?" आबा माझ्याकडे बघायला लागले.

तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं. ऐसपैस दिवाणखाना, दोन अंगांना दोन झोपायच्या खोल्या. आणि दिवाणखान्यात मधोमध, कोचावर, पगडी मांडीवर घेऊन बसलेले भाऊसाहेब! शेजारी त्यांची मुलगी गोदू.

त्यांच्याकडूनही पत्र गेलं होतं. त्यातही नुसतं 'देवास' होतं. मॅनेजरनी दोन्ही पत्रं एकत्र टाचली आणि मोठी जागा दिली. चूक त्यांची काय?

भाऊसाहेब उठले. आबा थांबले. आता कोणीतरी नमस्कार करणार! कुठलं काय! दोघांनीही मान वर करून छत बघितलं. छताला विजेचा पंखा होता, म्हणून बरं दिसलं.

आबांनी मॅनेजरना बाजूला घेऊन सगळं समजावलं. मॅनेजरनी चष्मा काढून पुसला. "एक गाम, दो राजा? साहेब, बुढ्ढे आदमी की मस्करी मत करो! परिषद का लोगसे होटेल भरेला है. दुसरा कमरा किधरसे लाऊं?"

मग आईने काय करावं? देवाच्या डब्यातून रांगोळी काढली आणि दिवाणखान्याच्या मधोमध, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, सरळ रेघ ओढली! भाऊसाहेब नुसते बघत होते. रेघ पुरी झाल्यावर म्हणाले, "गोदू, त्यांना सांग, उजवीकडे अंमळ वाकडी झालीय."

रेघ झाली आणि मग कळलं की बाहेर जायचं दार आमच्या बाजूला, न्हाणीघर त्यांच्या बाजूला! म्हणजे आम्ही बाहेर जायला मोकळे, पण पारोसे. ते आंघोळ करून स्वच्छ, पण कैदेत.

इथे मामांचं भाग्य उजळलं. "मी वकील!" ते म्हणाले. "मी धारचा. तुमच्या दोघांच्याही भांडणाबाहेरचा. धारला कसं, एक गाव, एक गादी, एक डोकेदुखी. बोला भिया, अटी बोला!" असं म्हणून त्यांनी रेघेच्या या आणि त्या बाजूला शब्दशः फेऱ्या मारल्या. तासाभराने तह झाला. सकाळी आमच्या चार आंघोळी, त्याबदल्यात त्यांना दिवसभर दाराची मोकळीक. रेघ ओलांडताना बोलायचं नाही.

"दाजी," मामा आबांना म्हणाले, "एवढा तह तुमच्या राज्यांत झाला असता तर मध्ये रस्ता तरी रुंद झाला असता!"

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या झाडूवालीने फरशी पुसली. रेघ गेली! आईने पुन्हा काढली. भाऊसाहेबांनी पावलं मोजली आणि थेट मामांना सांगितलं, "काल तिसऱ्या फरशीवर होती. आज चौथीवर आहे. ही घुसखोरी आहे." आबा खोलीतून ओरडले, "त्यांना सांगा, फरशा आम्ही मोजत नाही, खोल्या मोजतो!" खाली सभेत स्त्रियांच्या उन्नतीवर भाषणं चालली होती आणि वर दोन पिकल्या मिश्यांचे गृहस्थ गुडघ्यांवर बसून फरशा मोजत होते.

मला लाज वाटली. संतापही आला. मी मुद्दाम रेघेजवळ जाऊन उभी राहिले. पलीकडे गोदू वही घेऊन बसली होती. माझ्याच वयाची. कॉलेजात गेलेली नाही, घरीच शिकलेली. समोरच्या घरात राहते आणि मी तिचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, हे सांगताना आत्ताही मला कसंसंच होतं.

"तुमच्या पत्रातही नुसतं देवासच कसं?" मी विचारलं.

"मी लिहिलं," ती म्हणाली. "बाबांनी सांगितलं होतं, धाकटी पाती लिही. मला वाटलं, गाव एकच तर आहे."

मी हसले. तीही हसली. मग तिने वही माझ्याकडे वळवली. चार नावं. पुढे वय, घर, वाचता येतं का, हिशेब येतो का, घरच्यांची संमती आहे का. एकीच्या नावापुढे लिहिलं होतं, 'आजोबा नाही म्हणतात; पुन्हा जायचं.' ती पुन्हा सहा वेळा गेली होती. सहाही वेळांची तारीख लिहिलेली होती.

माझ्याकडे वही नव्हती. माझ्याकडे इंग्रजी अवतरणांचं भाषण होतं.

"चारच झाल्या," ती हळूच म्हणाली. "आठ कुठून आणू? म्हणून झोप नाही."

"माझ्या पाच आहेत," मी म्हटलं.

मी माझी पाच नावं सांगितली आणि तिने ती वहीत उतरवून घेतली. पाच आणि चार नऊ होतात, हे शिकायला आम्हांला मुंबईच्या हॉटेलात यावं लागलं!

"दोघींपैकी कोणी बोलायचं?" तिने विचारलं.

"जिला हाक येईल तिने! त्यात काय आहे?" मी म्हटलं. वर एक लहानसं व्याख्यानही दिलं. मानापमानाच्या या जुनाट खुळापायी म्हाताऱ्यांनी गाव कसं नासवलं, आपली पिढी कशी वेगळी, वगैरे. फार छान बोलले मी. गोदू ऐकून घेत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी आमची पाळी आली. सभागृह गच्च. आबा आणि भाऊसाहेब एकाच रांगेत, मध्ये धारचे मामा. व्यासपीठावर चिटणीस बाई, हातात घड्याळ, टेबलावर घंटा. गोदू पायऱ्यांजवळ बसली होती, मी दोन रांगा मागे.

"देवासच्या प्रतिनिधींनी यावं," बाईंनी पुकारलं. "पाच मिनिटं."

आम्ही दोघीही उठलो. गोदू जवळ होती, ती सहज पहिल्या पायरीकडे वळली.

आणि माझ्या तोंडून निघालं, "थांबा! आधी थोरली पाती!"

हो, मीच! 'का' विचारणारी मी! सगळं सभागृह माझ्याकडे वळलं. मला वाटलं, हे कोणी दुसरंच बोललं. मी चक्क मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं, खांब होता.

"थोरली पाती म्हणजे?" चिटणीस बाईंनी विचारलं.

आता इथे तरी मी गप्प बसावं ना? पण विचारलेल्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर द्यायची कॉलेजातली सवय! मी दोन भावांपासून सुरुवात केली. वाटणी सांगितली. दरबार सांगितले. कोणाची गादी कशी वडील, ते दाखल्यांसह सांगितलं. आबांनी जन्मभर जे जे मला ऐकवलं आणि मी जे जे कान झाडून टाकलं असं समजत होते, ते सगळं आत जसंच्या तसं होतं. एक वाक्य गळलेलं नव्हतं.

"शाबास!" आबा उभे राहून टाळ्या वाजवू लागले. माझ्या बी. ए.च्या निकालालाही त्यांनी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

"चूक! साफ चूक!" भाऊसाहेब उठले. "आम्ही बरोबरीचे आहोत!"

"वडील ते वडील!"

"पंगतीला दोन्ही राजांचे पाट समोरासमोर असतात, त्याचं काय?"

सभागृहात हशा उसळला. मामा दोघांची उपरणी धरून खाली ओढत होते. बाईंनी घंटा वाजवली. "देवास! दोन मिनिटं उरली आहेत."

तीन मिनिटं मी थोरलेपणात घालवली होती. यमूच्या दोन वर्षांतली तीन मिनिटं.

मी गोदूकडे पाहिलं. ती पायरीवर होती तशीच उभी होती. रागावलेली नव्हती. वहीत बोट घालून, माझ्या बोलण्याची वाट पाहत होती. मी म्हाताऱ्यांवर दिलेलं व्याख्यान तिला आठवत असणार. मला तर शब्दन् शब्द आठवत होता, आणि प्रत्येक शब्द माझ्याच मापाचा निघाला होता.

"जा, सुमती!" आबा ओरडले. "वर जा! पहिला मान आपला!"

"मी जाणार नाही, आबा."

"काय?"

"मी जाणार नाही. माझ्या पाच मुली मी गोदूला दिल्या. ती बोलेल. आणि तुम्ही मला रागावलात, घरात घेतलं नाहीत, तरी मी त्या पायरीवर तिच्या आधी पाऊल टाकणार नाही. भाऊसाहेब, तुम्हीही खाली बसा. मी आधी नमस्कार करते. हा बघा!"

आणि मी केला. वाकून, दोन्ही हातांनी, भर सभेत.

आबांचं तोंड उघडंच राहिलं. भाऊसाहेबांचे हात अर्ध्यावर आले आणि तिथेच थांबले. पुढे काय करायचं ते त्यांना तीन पिढ्यांत कोणी सांगितलेलंच नव्हतं. दोघेही एकदमच खाली बसले. मामांनी हातातली उपरणी सोडून दिली. त्या शांततेत व्यासपीठावरून गोदूचा आवाज आला, अगदी साधा, "आमच्या गावात नऊ मुली आहेत. त्यांची नावं वाचते."

पहिलंच नाव यमूचं होतं.

थोरली आणि धाकटी, दोन्ही पाती एकाच वेळी गप्प बसल्याचं देवासच्या इतिहासात हे पहिलंच उदाहरण असेल. आणि अशा वेळी, समोर गोदू माझ्या बहिणीसाठी बोलत असताना, माझ्या मनात पहिला विचार कोणता यावा?

की दोघांनाही गप्प बसवलं, ते शेवटी थोरल्या पातीनेच!